तुमच्या घरी पहिली पंगत कुणाची? अनुभव सांगा

धागाकर्ती (औसा)

परवा वेळ अमावस्येला गावी गेले होते. आमच्या लातूर-धाराशिवकडं या दिवशी शहरं ओस पडतात, सगळे रानात. आदल्या रात्री आम्ही तिघी जावा आणि आत्या (म्हणजे सासूबाई) दोन वाजेपर्यंत चुलीपुढं. भज्जी (दाणे अन् भाज्यांची बेसन लावलेली मिसळ भाजी), बाजरीचे उंडे, खीर, अंबिल. सकाळी अंबिलाचं मडकं डोक्यावर घेऊन मिरवत निघाला तो धाकटा दीर. कोपीत (कडब्याच्या खोपटात) पूजा पुरुषांनी मांडली, पहिली पंगत त्यांची, दुसरी पाहुण्यांची, तिसरी लेकरांची. आम्ही टेकलो तेव्हा साडेतीन वाजले होते. भज्जीतले तुरीचे अन् वालाचे दाणे कधीच संपले होते, खाली नुसतं बेसन.

तेवढ्यात आत्यांनी कडब्याच्या पेंढीआडून एक झाकलेलं पातेलं काढलं. दाण्यांनी भरलेली भज्जी! म्हणाल्या, "तीस वर्षं झाकून ठेवायलेय. तुम्हाला आज दाखवलं."

तीस वर्षं स्वतःच्याच स्वयंपाकातली चोरी. तेव्हापासून डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा. ताट, चूल, उपास, मटण, काहीही चालेल. उपदेश नकोत, घरातलं सांगा.

परभणीचा पाहुणा

आमच्याकडं मटण दादांनीच (वडील) करायचं. आई माळकरी, ती हात लावत नाही. गल्लीत दादांच्या मटणाचं नाव होतं, मेहुणे लांबून यायचे.

आता आईचं काम ऐका. कांदा-खोबरं भाजायचं, पाट्यावर वाटायचं, येसर (रश्श्याचा घरचा मसाला) काढून द्यायचा, अंगणातल्या तीन दगडांच्या चुलीत जाळ घालायचा, वीसेक भाकरी थापून दुरडीत ठेवायच्या. मग दादा बाह्या वर करून येणार, फोडणी घालणार, पळी हलवणार अन् "मीठ कुठाय?" म्हणून ओरडणार. मटणाची भांडी घरात येत नव्हती, बाहेर भिंतीला पालथी असायची. पण राखुंडीनं घासायची आईच, गळ्यात माळ असताना. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "घासल्यानं खाल्ल्यासारखं होत नाही."

चटणीभाकर

कलेजी कुणाला मिळायची ते लिहायचं राहिलं की.

परभणीचा पाहुणा

मला. थोरला ना. बहिणीच्या वाटीत रस्सा आणि एक नळी. ती अजून टोमणा मारते.

माजलगावची लेक

माझे आईबाप ऊसतोड करायचे. नवराबायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरीला दोघं एकच धरायचे. उचल (आगाऊ मजुरी) बापाच्या हातात. फडात दोघं बरोबरीनं तोडायचे, मोळ्या आईच्याही डोक्यावर. फरक होता तो पहाटे तीनला. आई उठून पाचटावर चूल पेटवायची, बाप गाडीचा आवाज आल्यावर उठायचा.

आई उसाचे वाढे (शेंड्याची हिरवी पानं) विकायची. ते पैसे तेवढे तिचे. त्यातून अंडी आणायची आणि उकडून बापाला अन् भावाला द्यायची. आम्हा पोरींना पिवळा बलक चमच्यानं वाटून. एका संध्याकाळी खोपीमागं बसून तिनं एक अख्खं अंडं मिठाला लावून खाल्लं. मला बघून दचकली. मी कुणाला सांगितलं नाही, आज पहिल्यांदा लिहितेय.

आता मी आरोग्याच्या कामात आहे, गावोगाव रक्त तपासते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, पुरुषांत २५ टक्के. बाया सांगतात, लोहाच्या गोळीनं मळमळतं. विचारलं की कळतं, गोळी उपाशीपोटी घेतलेली असते. घरातले जेवल्याशिवाय ही जेवणार कशी!

कारभारीण, तुळजापूर तालुका

ताटात काय येणार ते आधी रानात ठरतंय, बायांनो. आमच्या सगळ्या रानात सोयाबीन. पैसा झटकन येतोय म्हणून मालकानं ज्वारी कमी केली, करडई बंद केली. पैले करडईचं तेल घाण्यावरनं यायचं, आता पिशवीतलं. जवसाची चटणी करावी म्हणलं तर जवस दुकानातून. सोयाबीन काय कोरड्यासात घालता येतंय का?

ज्या साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं, २०१६, त्या साली लई हाल झाले. मग बचत गटात एका ताईनं सांगितलं, घरच्या खाण्यापुरती एक एकर मागून घ्या, त्यात काय पेरायचं ते तुम्ही ठरवा. मी मालकाला मागितली. मालक हसले. म्हणले, "एक एकर कशाला, बांधावर लाव की भाजी." पंधरा दिवस मीही बोलले नाही. मग अर्धा दिला.

तूर, मूग, हुलगा, कडंनं अंबाडी, मधी गवार. पहिल्या साली हुलगा गेला, मूग घावला. आता एक एकर झालाय. अंबाडीची भाजी केली की आधी मालकच पातेल्यात डोकावतेत. पण सातबारा अजून त्यांच्याच नावावर हाय, ते काय बदललं नाही.

शहागंजवाली

आमच्या संभाजीनगरात नान-कलिया (मटणाचा रस्सा अन् नान) म्हणजे मर्दांचं काम. तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला आणली, तेव्हाच्या फौजेचं हे जेवण, असं घरोघर सांगतात. खरंखोटं इतिहासवाले जाणोत. पण फौजेचं असो की लग्नाचं, देगेपाशी मी तरी कधी बाई पाहिली नाही. घरी रोजची खिचडी-खट्टा आम्ही करायची, नाव व्हायचं ते बावर्चीचं.

लॉकडाऊनमध्ये दावती बंद पडल्या. माझ्या भाभीनं घरच्या पातेल्यात दोन किलोचा कलिया करून शेजारी विकला. चाचा म्हणाले, "औरतों के हाथ का कलिया पतला होता है." आता शुक्रवारी तिला व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डरी येतात. नान मात्र भट्टीवरूनच आणावे लागतात. चाचा कलिया फुकट नेतात.

जालन्याचे आजोबा

सगळं एकाच बाजूनं चाललंय, म्हणून लिहितो. आमच्या खटल्यात, म्हणजे एकत्र कुटुंबात, कोठीची किल्ली माझ्या आजीच्या कमरेला. माझे आजोबा गावचे पंच, पण गुळाचा खडा हवा तर आजीपुढं उभं राहावं लागे. बायकांना काही अधिकारच नव्हता असं नाही.

धागाकर्ती (औसा)

काका, मान्य. पण सुनांना गूळ मिळायचा का?

जालन्याचे आजोबा

नाही. माझी आई बाळंतपणातले डिंकाचे लाडू उतरंडीतल्या तिसऱ्या मडक्यात लपवायची. आजीनं ते मोजलेले असायचे, हे नंतर कळलं. तुमचा मुद्दा लक्षात आला.

गोदाकाठ, नांदेड

आमच्या वस्तीतली गोष्ट थोडी वेगळी. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. इकडं तेव्हा निजामाचं राज्य. आमच्या गावात ते सांगणं पोचायला बरीच वर्षं गेली. पोचलं तेव्हा पुरुषांनी बैठकीत हात वर केले आणि मोकळे झाले. दोरीवर चान्या (त्या मांसाच्या पट्ट्या) वाळत घालणाऱ्या, वर्षभराच्या कालवणाची तेवढीच बेगमी असणाऱ्या बायांना दुसऱ्या दिवसापासून त्या पातेल्यात काय घालायचं, हा प्रश्न होता. आजी सांगायची, पहिलं वर्ष नुसत्या तिखट-मिठाच्या पाण्यावर काढलं. सांगताना तक्रार नसायची, ताठ बसून सांगायची. पण त्या सोडण्याची गोष्ट निघाली की नावं पुरुषांचीच निघतात.

चटणीभाकर

हे कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आभार.

हिंगोलीचा पोरगा, सध्या पुणे

मी रूमवर स्वयंपाक करतो, तिघांत माझाच हात बरा. सुशीला (चुरमुऱ्यांची) फक्कड जमते. पण गावी गेलो की मायला कांदाही चिरू लागत नाही. एकदा लागलो तर चुलती दारातून म्हणाली, "लग्नाआधीच सवय करून घ्यायलास का रे?" माय हसली अन् माझ्या हातातली विळी काढून घेतली. तिला मदत नको होती असं नाही, लोकांनी बघायला नको होतं. आता रात्री दार लावल्यावर मी भांडी विसळतो. आमच्याकडंही चोरूनच चालतंय, धागाकर्तीताई.

एक विचारायचं होतं. ज्वारीची भाकरी थापताना कडा चिरतात. काय चुकतंय? यूट्यूब बघून दमलो.

धागाकर्ती (औसा)

ज्वारीला गव्हासारखी चिकटाई नसते. पाणी कडकडीत गरम घ्या, पीठ काटवटीत तळहातानं रगडून रगडून मळा, एका भाकरीपुरतंच. थापताना कडेला बोटांनी दाबत फिरवा. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात. आणि पीठ ताजं हवं, आठवड्याच्या आतलं. जुन्या पिठाची विरी जाते.

हिंगोलीचा पोरगा, सध्या पुणे

पीठ मायनं दिवाळीला दिलेलं आहे.

कारभारीण, तुळजापूर तालुका

आरं, ते म्हशीला घाल!