आवक-जावक वहीचं शेवटचं पान (अनुभव धागा)

टाचणी
आज कपाट आवरताना रद्दीच्या गठ्ठ्यात एक जुनी आवक-जावक वही सापडली आणि मी तिथेच फरशीवर बसले. पुढून सगळं रीतसर आहे, जावक क्रमांक, दिनांक, कोणास पाठवले. वही उलटी धरून मागून उघडली की मात्र आमचा दोघींचा कारभार सुरू होतो, माझा आणि मोठ्या मॅडमचा.

मी नवीन लागले तेव्हाची गोष्ट. संध्याकाळी एकूण जुळेना. ६३ चा फरक. मी तिसऱ्यांदा बेरीज करत होते, डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मॅडम कानामागची पेन्सिल काढून शेजारी बसल्या. म्हणाल्या, "नऊने भाग जातोय ना? मग कुठेतरी आकडे उलटे पडलेत. साताचं उत्तर आलं, म्हणजे दोन आकड्यांत सातचं अंतर असलेली रक्कम बघ." पाचव्या मिनिटाला सापडली. १८ च्या जागी ८१. मी इतक्या जोरात "आहे!" म्हणाले की पलीकडच्या खोलीतून शिपाईकाका धावत आले, त्यांना वाटलं कुणीतरी पडलं.

त्या दिवशी मॅडमनी वही उलटी केली आणि शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलं: "आज अठरा सापडले." तेव्हापासून रोज एक ओळ. जे काही बरं वाटलं ते, पण कामातलंच हवं. "पंचिंग मशीनने एका दमात चौदा कागद घेतले." "साहेबांनी सही योग्य जागी केली." "पंख्याखाली कागद उडाले आणि क्रमानेच पडले." या शेवटच्या ओळीपुढे मॅडमचं अक्षर आहे: "पुरावा?" आणि खाली माझं: "शिपाईकाका साक्षीदार."

चार वर्षांच्या नोंदी आहेत. नोकरीतला पगार, बढत्या, बदल्या यांतलं बरंच विसरले मी, पण या ओळी वाचताना त्या-त्या दिवसाचा उजेडसुद्धा आठवला. तुमच्या कामातल्या अशा ओळी लिहा ना. मोठं काही नको.

निवांत
रुमाल टाकून ठेवतो. रात्री लिहितो.

रातपाळी
"पुरावा?" हे फार आवडलं.
मी सिस्टर आहे, अतिदक्षता विभागात. रात्री तीनला सगळं शांत असतं, फक्त मॉनिटर वाजत असतात. शेजारशेजारच्या दोन खाटा, एकाचे ठोके ७२, दुसऱ्याचे ७५. टिक टिक मागे-पुढे चाललेली असते, आणि मिनिटात तीनदा दोन्ही बरोब्बर एकत्र पडतात. एकच टिक. आमच्या वॉर्डातल्या मावशींनी हे पहिल्यांदा मला दाखवलं. "ऐका हां सिस्टर, आता भेटणार." आणि भेटले! तेव्हापासून आम्ही दोघी फेरी झाली की खुर्चीत बसून वाट बघतो. मावशी बोट वर करतात, चेहऱ्यावर असं हसू की काय सांगू. दोन्ही पेशंट बरे होऊन वॉर्डात गेले, पुन्हा नवीन आले, मावशींचं बोट वर आहेच.

कपडेवाळत
रातपाळी, अंगावर काटा आला गं.

शून्यएक
टाचणीताई, तुमच्या वहीवरून आठवलं. ९ सप्टेंबर १९४७, हार्वर्डचा मार्क २ संगणक. यंत्र चुकतंय म्हणून लोकांनी आत बघितलं, तर एका रिलेत, म्हणजे वीजप्रवाह चालू-बंद करणाऱ्या भागात, पतंग अडकलेला. दिव्याभोवती फिरतो तो पतंग, उडवायचा नव्हे. त्यांनी तो काढला आणि कामाच्या नोंदवहीतच चिकटपट्टीने चिकटवला. खाली लिहिलं की 'बग' (इंग्रजीत किडा) प्रत्यक्ष सापडल्याची ही पहिलीच वेळ. यंत्रातल्या दोषाला बग म्हणायची पद्धत त्याच्या कितीतरी आधीची आहे, एडिसनच्या पत्रातसुद्धा तो शब्द आहे, म्हणून तर ती ओळ लिहिणाऱ्याला गंमत वाटली असणार. ती वही पतंगासकट अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. मला नेहमी वाटतं, त्या यंत्राने केलेली गणितं आज कुणाला आठवत नाहीत, पतंग राहिला.

माझा अनुभव: तीन दिवस एक चूक सापडत नव्हती. शेवटी आमच्या इमारतीच्या रखवालदारदादांना म्हटलं, फक्त ऐका. त्यांना पहिल्यापासून सगळं सांगत गेलो. मधेच ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही कुलूप लावल्यावर दार ओढून बघतच नाही?" तेच होतं. शब्दशः तेच. त्यानंतर तपासणीच्या त्या पायरीचं नावच आमच्यात 'दार ओढणं' पडलं. नवीन मुलंसुद्धा विचारतात, दार ओढलं का?

अर्धवट
हसून हसून पुरेवाट, रखवालदारदादा की जय.
पण ते नऊचं काय आहे? कुणी सांगेल का, मला खरंच माहीत नव्हतं.

पाढे
अर्धवट, सोपं आहे. ८१ म्हणजे आठ दहा आणि एक. १८ म्हणजे एक दहा आणि आठ. वजा केलं की आठ-एकमधलं अंतर एकदा दहाने गुणलेलं मिळतं आणि एकदा तेवढंच कमी होतं, म्हणजे नऊपट उरतं. सात नव्वे त्रेसष्ट. कुठलेही दोन आकडे घ्या. शाळेत शिकवतो मी हे, पण आता ही ६३ ची गोष्ट सांगून शिकवणार, टाचणीताई परवानगी द्या.

टाचणी
अहो परवानगी कसली, सांगाच. आणि पतंग चिकटवला हे वाचून मी वही पुन्हा उघडली. एका पानावर आम्ही वाकडी आलेली टाचणी चिकटवलेली आहे! कारण लिहिलेलं नाही. का बरं? आता हे डोक्यात राहणार.

बाकावरची
मी पहिलीच्या वर्गाला आहे. हजेरी घेत होते. एका मुलीचं नाव घेतलं, ती आली नव्हती. तिच्या शेजारी बसणारीने हात वर केला. म्हटलं, अगं तुझं नाव आधीच झालं ना? तर म्हणे, "बाई, हा माझा नाही, तिचा हात आहे. ती घरी आहे ना, म्हणून मी वर केलाय."
गैरहजेरी मांडली मी, मांडावी लागते. पण पेन टेकवायला मला किती वेळ लागला म्हणून सांगू.

कपडेवाळत
बाकावरची, आता मी रडतेय, आणि कपडे मशीनमध्ये तसेच.

घरकाम चालेल का इथे?

रातपाळी
चालेल काय, पळेल. लिही.

कपडेवाळत
मोठ्या चादरीची घडी. एकटीने होत नाही, कोपरे निसटतात. सासूबाई एक टोक धरतात, मी दुसरं. आधी ताणायची, मग एक झटका, सुरकुत्या जातात. मग एकमेकींकडे चालत यायचं, त्यांच्या हातातले कोपरे माझ्या हातात द्यायचे, त्यांनी खाली वाकून मधली घडी उचलायची, पुन्हा मागे. लग्न झालं तेव्हा आम्ही फारसं बोलायचो नाही. दोघींनाही काय बोलावं कळत नसे. पण चादरीच्या घडीला दर वेळी एकदा तरी समोरासमोर यावंच लागे, आणि एकदा झटका इतका जोरात बसला की त्यांच्या हातातलं टोक सुटून माझ्या डोक्यावर चादर. आतून मला त्यांचं हसणं ऐकू आलं. तोवर मी त्यांना असं हसताना ऐकलंच नव्हतं. मी मुद्दाम थोडा वेळ चादर काढली नाही.

निवांत
रुमाल उचलतो. कपडेवाळत यांचं वाचून माझं फिकं पडणार, पण लिहितो.

मी मुद्रितशोधक आहे, छापण्याआधी चुका काढायचं काम. आमच्यात सगळ्या चुकांचं खापर मुद्राराक्षसावर. एका इतिवृत्तात "प्रमुख पाहुण्यांचे आभार मानून सभा संपली" असं हवं होतं. मुद्रितात आलं, "प्रमुख पाहुण्यांचे आभाळ मानून सभा संपली." मी पेन उचललं, खाली ठेवलं. शेजारच्या टेबलावर दाखवलं. तिथून पुढच्या. दहा मिनिटं तो कागद खोलीभर फिरला आणि जो तो वाचून गप्प होऊन खिडकीकडे बघायचा. आमच्या सगळ्यात वयस्क सहकाऱ्याने शेवटी 'ळ' खोडून 'र' केला, तेव्हा म्हणाला, "नाइलाज आहे हो."
तेव्हापासून आमच्याकडे कुणी कुणाला मदत केली तर "आभाळ" एवढंच म्हणतात.

शून्यएक
निवांतराव, आभाळ!

बाकावरची
आभाळ +१

खोकेवाला
मी सामान बांधणीत. दिवसभर खोकी, चिकटपट्टी, बबल रॅप. पाहुणे आले की म्हणतात, तुमची मज्जा, फोडत बसायला मिळतं. कुठलं? आठ तासांत एकही फोडायचा नाही, तोच तर माल वाचवतो. फक्त शेवटचा, वीतभर उरलेला तुकडा ज्याच्या हातात येईल त्याचा. यंत्रं बंद झाली की तो माणूस मधे उभा राहतो, सगळे गप्प, आणि तो एकेक फोडतो. घाई केलेली चालत नाही. परवा नवीन पोराच्या वाट्याला आला तर त्याने अर्धा फोडला आणि उरलेला घडी करून खिशात घातला, बहिणीसाठी.
ही वस्तू मुळात भिंतीला लावायचा कागद म्हणून केली होती, १९५७ साली, फील्डिंग आणि शावान या दोघांनी. भिंतीसाठी कुणी घेईना. बरं झालं.

अर्धवट
घरभर भिंतींना बबल रॅप! मुलांनी एका दिवसात संपवलं असतं.

एकखोली
सगळं वाचतेय. छान वाटतंय आणि थोडं वाईटही. दोन वर्षं झाली, घरून काम, टीम तीन देशांत. काम चांगलं आहे, तक्रार नाही. पण हसायला शेजारी कुणी नाही. काल काहीतरी मजेशीर झालं, मी हसले, आणि खोलीत फक्त माझाच आवाज. पुढे काय करायचं कळेना, मग कामाला लागले.

रातपाळी
एकखोली, ये गं इकडे. काय झालं होतं काल ते सांग आधी.

पाढे
एकखोली, तुम्हाला जे वाटतंय ते अगदी खरं आहे. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाचे मानसशास्त्रज्ञ लोकांचं हसणं मोजत फिरले होते. माणूस एकटा असताना जेवढा हसतो त्याच्या जवळजवळ ३० पट सोबतीत हसतो, असं त्यांना दिसलं. आणि बहुतेक हसणं विनोदावर नसतंच. "चला, निघू का आता" असल्या साध्या वाक्यांनंतर लोक हसतात. म्हणजे लागतं ते माणूस, विनोद नाही. तुमच्या टीममध्ये रोज पाच मिनिटं कामाशिवाय बोलायची सोय करा, खरंच सांगतो.

एकखोली
आभाळ पाढे सर.
काल बैठकीत आमचे परदेशातले साहेब गंभीरपणे आकडे सांगत होते आणि त्यांच्या मागच्या दारातून एक छोटासा हात आला, दिवा बंद करून गेला. साहेब अंधारात बोलतच राहिले. पूर्ण दोन मिनिटं. कुणी काही बोललं नाही.

कपडेवाळत
अगं हे एकटीने ऐकलंस! हे तर आम्ही सगळ्या मिळून आत्ता हसतोय, समज शेजारीच आहोत.

खोकेवाला
मी इथे जोरात हसलो, पोरं विचारतायत काय झालं.

नियंत्रणकक्ष
तीन देशांत टीम असणाऱ्यांसाठी: यापेक्षाही लांबून लोकांनी हसवलंय. डिसेंबर १९६५, अमेरिकेचं जेमिनी ६ अंतराळयान, आत वॉल्टर शिरा आणि थॉमस स्टॅफर्ड. खाली कळवलं की उत्तरेकडून दक्षिणेला जाणारी एक अनोळखी वस्तू दिसतेय. खाली सगळे कान टवकारून. आणि वरून ऐकू आलं काय, तर लपवून नेलेला माउथ ऑर्गन आणि घुंगरं, नाताळचं गाणं. आम्हाला प्रशिक्षणात हे सांगितलं होतं ते केवळ करमणूक म्हणून, पण माझ्या रातपाळीत मला तेच जास्त उपयोगी पडलं. दर तासाला दुसऱ्या केंद्राला "सर्व ठीक" कळवायचं असतं. तिकडचा माणूस मी कधी पाहिला नाही. अकरा वर्षं झाली. पहाटे पाचच्या "सर्व ठीक"नंतर तो अर्धी शीळ घालतो, उरलेली अर्धी मी.

बाकावरची
अकरा वर्षं!! भेटा की एकदा.

नियंत्रणकक्ष
ठरलं होतं दोनदा. तो रजेवर असला की मी ड्यूटीवर. होईल.

दोनचाक
जरा वेगळं विचारतो, धाग्याशी संबंध आहे-नाही. आमच्या हॉलमधल्या एका खुर्चीचं चाक करकरतं. ज्यांची ती खुर्ची ते मागे सरकले की एक सूर, पुढे आले की दुसरा. सगळ्यांना पाठ झालाय. पण परवा तपासणी आहे, आवाज घालवायला काय करावं?

खोकेवाला
चाक ओढून काढा, दांडीला केस आणि धागे गुंडाळलेले असतात ते आधी कात्रीने काढा. मग शिवणयंत्राचं तेल, एकच थेंब. जास्त नको, धूळ चिकटते.

टाचणी
किती सुंदर लिहिताय सगळे. वाचता वाचता मॅडमना फोन लावला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, आता कानाला कमी ऐकू येतं, मुलीने फोन धरला होता. मी नाव सांगितलं, दोनदा सांगितलं. तिकडून पहिलं वाक्य आलं, "एकूण जुळली का गं?"
मी म्हटलं, जुळली मॅडम. आणि मग विचारलं, ती वाकडी टाचणी का चिकटवली होती आपण? म्हणाल्या, "ती तुझी पहिली टाचणी. पहिल्या दिवशी एवढा जोर लावलास की वाकली. मी ठेवली होती." वहीत ती नंतर कधीतरी त्यांनीच चिकटवली होती, मला न सांगता.
आता मशीनवरचे कपडे मलाही वाळत घालायचेत, उद्या येते.

रातपाळी
टाचणी!!!
मी ड्यूटीला निघतेय. मावशींना हा धागा वाचून दाखवणार.

दोनचाक
खोकेवाला, आभाळ. केस निघाले, एक जुना रबरबँडही निघाला. तेल टाकलं, आवाज पूर्ण गेला, तपासणी छान झाली.
पण आता ते मागे सरकले की सगळा हॉल मान वर करून बघतो, सूर का आला नाही म्हणून. आज दुपारी कोपऱ्यातल्या एकाने तोंडानेच काढला. तेल पुसून काढता येतं का?