"रात्री साडेनऊला लाईट तोडणार" असा मेसेज अण्णांना आला, आता रोजच काहीतरी येतंय

गिरणीवाल्याची लेक

नमस्कार मंडळी. उंब्रजजवळ आमची पिठाची गिरणी आहे. वडील, म्हणजे अण्णा, वय ६७, एकटेच चालवतात. मी चार दिवस माहेरी आले होते म्हणून हे माझ्यासमोर घडलं, नाहीतर मला कुणी सांगितलंही नसतं.

मागच्या गुरुवारी संध्याकाळी सात-सव्वासातची वेळ. ओट्यावर दळणाचे अकरा डबे रांगेत, अण्णा ज्वारी दळत होते. मोबाईलवर इंग्रजीत एसएमएस आला, साध्या दहा आकडी नंबरवरून. अण्णांना त्यातलं 'इलेक्ट्रिसिटी', 'टुनाईट' आणि ९.३० एवढंच कळलं. दळण न्यायला आलेल्या नववीतल्या पोरानं वाचून दाखवलं: मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री वीज तोडणार, ताबडतोब या नंबरवर अधिकाऱ्यांशी बोला.

अण्णांनी मोटर बंद केली. दळण अर्धं पाट्यात असताना गिरणी थांबवलेली मी जन्मात पाहिली नव्हती. म्हणूनच घरातून बाहेर आले. तर हे फोन कानाला लावून उभे, "हो साहेब, हो साहेब" चाललेलं. पलीकडचा हिंदीत बोलत होता, पण एकदम नम्र. त्यानं एक ॲप टाकायला लावलं होतं, त्यातला नऊ आकडी नंबर वाचून घेतला होता, आणि आता म्हणत होता की फक्त दहा रुपये भरा, बिल अपडेट होईल. एक पान उघडलं होतं, त्यात एटीएम कार्डाचा नंबर टाकायचा होता.

तिथं गाडी अडली. बोटांना पीठ, स्क्रीन दाबलेलं घेईना. अण्णा बोट धोतराला पुसतायत, परत दाबतायत, कार्डाचे चारच आकडे उमटलेले. शेवटी फोन माझ्याकडे दिला, "एवढे दहा रुपये भरून टाक गं, लोकांची दळणं खोळंबलीत." मी फोन सरळ बंद केला. अण्णा माझ्यावरच भडकले.

गंमत पुढे आहे. बिल त्यांनी ४ तारखेलाच भरलं होतं. पावती तिथंच, चक्कीमागच्या तारेला खोचलेली, हाताच्या अंतरावर. आयुष्यात एक बिल उशिरा भरलेलं नाही या माणसानं. मला वाटतं म्हणूनच घाबरले. बुडव्या माणसानं म्हटलं असतं, तोडा बघू.

पैसे गेले नाहीत. पण तेव्हापासून रोज वेगवेगळ्या नंबरांवरून काही ना काही येतंय. पार्सलचा पत्ता अपुरा आहे, कर्ज मंजूर झालंय, आणि काल व्हॉट्सॲपवर त्यांच्या एम-८० गाडीच्या दंडाच्या चलनाची फाईल. आधी महिन्यात एखादा यायचा. आत्ताच एवढे का? ॲप मी काढलंय, तरी आत काही राहिलं असेल का? आणि पैसे गेले नसताना तक्रार कुठं करतात? अण्णा म्हणतात, चोरी झालीच नाही तर चौकीत जाऊन सांगायचं काय.

खांबावरचा म्हातारा

ताई, मी ३१ वर्षं वायरमन होतो, आता घरी बसून नातवंडं सांभाळतो. अण्णांना माझा नमस्कार सांगा आणि एवढं वाचून दाखवा.

रात्री साडेनऊला लाईट तोडायला माणूस आणायचा कुठनं? त्या वेळेला फॉल्ट काढायलाच मारामार असते. थकबाकी असली तरी आधी लेखी नोटीस द्यावी लागते, पूर्ण १५ दिवसांची. वीज कायदा २००३, कलम ५६. मी स्वतः अशा नोटिसा दारोदार वाटल्यात, शिव्या खाल्ल्यात.

दुसरं म्हणजे महावितरणचा एसएमएस कुणाच्या खाजगी मोबाईल नंबरवरून येत नाही, वर 'एमएसईडीसीएल' असं नाव येतं. शंका आली तर बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक हातात धरायचा आणि १९१२ ला फोन लावायचा. मेसेजमधल्या नंबरला कधीच नाही. आणि दळण अर्धं ठेवून मोटर बंद केली ना, आता ते पीठ भरडंच लागणार. ते मात्र त्या चोराच्या नावावर मांडा.

स्क्रीनगार्ड

माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. अशी केस आठवड्याला एक तरी येते.

ते ॲप व्हायरस नसतं, दूरवरून दुसऱ्याचा फोन बघायला बनवलेलं नेहमीचं ॲप आहे. काढलंत म्हणजे त्याला दिसायचं बंद. पण तेवढ्या वेळात स्क्रीनवर जे आलं ते त्यानं पाहिलं असं धरून चाला. बँकेच्या ॲपचा पिन दुसऱ्या फोनवरून बदला. कार्डाचे चारच आकडे गेलेत, त्याची चिंता नको. मग सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी उघडून अनोळखी नावाला परवानगी आहे का बघा. ##००२# डायल करा, कुठं कॉल फॉरवर्डिंग लावलं असेल तर निघून जाईल.

खरा धोका कालची चलनाची फाईल आहे. नावाच्या शेवटी एपीके (म्हणजे ॲप बसवायची फाईल) लिहिलं असेल तर हात लावू नका. ती उघडली की एसएमएस वाचायची परवानगी मागते, आणि मग ओटीपी तुमच्या आधी त्याच्याकडे. चलन बघायचंच असेल तर महाट्रॅफिक ई-चलनची सरकारी साईट स्वतः टाईप करून गाडी नंबर टाका.

एवढे का येतायत? अण्णा पाच मिनिटं बोलले ना. नंबर चालू आहे, उचलणारा घाबरतो, सांगितलेलं ऐकतो, एवढं कळलं की नंबराचा भाव वाढतो. त्यामुळे शिवी द्यायलासुद्धा उत्तर पाठवू नका.

एक ओळखायची खूण. कंपनीच्या एसएमएसला वर सहा अक्षरी नाव असतं, आणि २०२५ पासून शेवटी एक अक्षर: पी असेल तर जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकारी. दहा आकडी नंबरवरून बँक, वीज किंवा पार्सल आलं की तिथंच संशय घ्या.

माहेर कोल्हापूर

तक्रारीचं मी सांगते, आमच्याकडे हे सगळं करून झालंय. मिस्टरांचे १८,४०० गेले होते, अगदी अशाच मेसेजमध्ये.

पैसे गेले की १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन, त्याच घटकेला. आम्ही "आधी बँकेत जाऊन विचारू" म्हणत दीड तास घालवला, तेवढ्यात पैसे दोन खात्यांतून फिरले. जे वाटेत अडवता आलं तेवढंच परत मिळालं.

पैसे गेले नसतील तर संचार साथी या सरकारी साईटवर 'चक्षू' म्हणून तक्रारीची सोय आहे. नंबर, मेसेजचा स्क्रीनशॉट, तारीख टाकायची. महिनाभरातले मेसेज घेतात, म्हणून डिलीट करू नका, आधी फोटो काढा. अण्णांना सांगा, चौकीत जायचं नाही, घरी बसून होतं. १९०९ वेगळं, ते नको असलेल्या जाहिरातींसाठी. संचार साथीवरच आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत तेही दिसतं. आमच्याकडे एक निघालं, ज्या शहरात आम्ही कधी गेलोच नाही तिथलं.

आणि ताई, अण्णांना रागावू नका. आमचे हे चार महिने कुणाला बोलले नाहीत. मला पासबुकातून कळलं.

गिरणीवाल्याची लेक

सगळ्यांचे आभार. पिन बदलला, ##००२# केलं. चलनाची फाईल उघडलेली नव्हती, स्क्रीनशॉट काढून मगच उडवली. चक्षूवर तीन नंबर टाकले, अण्णा शेजारी बसून आकडे वाचत होते. हे काम त्यांना आवडलं असावं, "अजून एक आहे बघ" म्हणून जुनाही शोधून दिला.

काका, तुमचं पत्र दोनदा वाचून दाखवलं. १५ दिवसांच्या नोटिशीवर म्हणाले, "हे त्यालाच विचारायला पाहिजे होतं." भरड पीठ आम्हीच ठेवून घेतलं, गिऱ्हाइकाला नवीन दळून दिलं.

आज सकाळी गिरणीच्या दारावर खडूनं मोठ्ठे आकडे काढलेत, १९१२ आणि १९३०. पण काढलेत ते दळणाच्या दराच्या बरोब्बर खाली. मघाशी एक आजी डबा घेऊन परत निघाल्या होत्या, गहू एवढे महाग कधी झाले म्हणून.