कर्णबधिर मुले मोठी होतात तेव्हा : ऐकणाऱ्या पालकांचे अनुभव

सातारची आई
कपाट आवरताना लेकीच्या जुन्या श्रवणयंत्राची कापडी पिशवी सापडली. छातीवर यंत्र, तेथून कानांपर्यंत गेलेल्या दोन वायरी आणि प्रत्येक फ्रॉकच्या रंगाची मी शिवलेली पिशवी, असा तो काळ होता. ‘प’ शिकवताना ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची आणि ती हलली की घरभर आनंद व्हायचा. खुणा केल्या तर मूल बोलणार नाही, असे तेव्हा आम्हाला बजावले जात असे. तिचे उच्चार घरच्यांना कळत, परक्यांना कळत नसत. म्हणून डॉक्टरांपासून शिंप्यापर्यंत सर्वत्र तिच्या वतीने मीच बोलत आले. आता ती नोकरीसाठी बंगळुरूला गेली आहे, घरमालकाशी मोबाइलवर टाइप करून व्यवहार करते आणि तिचे सुरळीत चालले आहे. मला मात्र दिवसभर कोणाच्या वतीने काही बोलायचेच नसते. तुमच्याकडे हे कसे झाले, ते अवश्य लिहावे.

ठाण्याचे बाबा
आमच्याकडे लोकलपासून सुरुवात झाली. मुलगा कॉलेजला एकटा जाऊ लागला, तेव्हा मी काही दिवस त्याच्या नकळत मागच्या डब्यातून जात होतो. आयत्या वेळी फलाट बदलल्याची घोषणा त्याला कळणार नाही, ही धास्ती होती. प्रत्यक्षात घोषणा होताच फलाटावरची माणसे वळतात, आणि तो माणसांकडेच पाहत असल्यामुळे इअरफोन लावलेल्या मुलांच्या आधी पुलावर पोहोचतो. दिव्यांगांच्या डब्यात त्याचा मोठा कंपू जमला आहे. गाडी सुटल्यावरही ही मुले खिडकीतून फलाटावरच्या मित्राशी निवांत गप्पा मारत राहतात, जे तुम्हाआम्हाला ओरडूनही जमणार नाही. माझ्या पाठलागाचा पत्ता त्याला पहिल्याच दिवशी लागला होता, हे त्याने पुढे कधीतरी सांगितले.

नागपूरकर
आमच्या घरी स्कूटरवरून महाभारत झाले. ऐकू येत नसेल तर लायसन्स मिळत नाही, हे कारण आम्हाला फार सोयीचे होते. कर्णबधिर व्यक्ती चाचणी उत्तीर्ण झाल्यास तिला परवाना नाकारू नये, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने 2011 साली दिला, 2016 मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयानेही राज्यांना तसे कळवले, आणि चिरंजीवांनी ते सारे कागद जेवणाच्या टेबलावर मांडले. तो आरशात जितक्या वेळा पाहतो तितक्या वेळा मी उभ्या आयुष्यात पाहिले नसेल. तरीही तो परत येईपर्यंत त्याची आई गॅलरीतून हलत नाही.

कोल्हापूरची आई
सातारच्या ताई, नोकरीचे एक वेळ निभते, लग्नाचे पाहा. दोघांपैकी निदान एकाला तरी ऐकू यावे, असा नातेवाइकांचा आग्रह होता आणि मनातून माझाही होता. लेकीने कर्णबधिरांच्या क्रीडास्पर्धेत भेटलेला बडोद्याचा मुलगा निवडला. आम्ही व्याही-विहीण मोडक्या हिंदीत चाचपडत होतो आणि ती दोघे सांकेतिक भाषेत अखंड बोलत होती. काही खुणा प्रांताप्रमाणे बदलतात, तेवढ्यापुरती अडत. मंगलाष्टके चालू असताना तिची एक मैत्रीण अंतरपाटाशेजारी उभी राहून ती खुणांनी सांगत होती. ‘सावधान’ची खूण दिसली की मागच्या रांगांतून अक्षता येत, आणि शेवटी टाळ्यांऐवजी अर्ध्या मांडवाने दोन्ही हात उंच करून हलवले. पुढे नात झाली, तिला ऐकू येते. रात्री बाळ रडलेले कळणार कसे, म्हणून मी वर्षभराच्या तयारीने गेले होते. तेथे रडण्याच्या आवाजावर लुकलुकणारा दिवा आधीच बसवलेला होता, शिवाय लेक बाळाच्या पोटावर हात ठेवून झोपत असे. सव्वा महिना होताच तिने परतीचे तिकीट माझ्या हातात ठेवले.

पुण्याहून, स्वतः कर्णबधिर
येथे सगळे पालकच लिहीत आहेत, म्हणून मी मुलांच्या बाजूने लिहितो. दुकानदार मला प्रश्न विचारतो आणि उत्तर आई देते. हळूहळू दुकानदार मला विचारणेच सोडून देतो. घरात सगळे हसतात, मी कारण विचारतो, तेव्हा ‘नंतर सांगते’ असे उत्तर मिळते. ते ‘नंतर’ सहसा येत नाही. आईवडिलांनी दूर जावे, असे माझे म्हणणे नाही. त्यांनी माझ्या आणि दुकानदाराच्या मधून उठून माझ्या समोर बसावे. माझी आई साठीनंतर खुणा शिकत आहे. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राने 10,000 शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश केला आहे, तो ती रोज दुपारी पाहते. तिच्या खुणा अजून बोबड्या आहेत, पण माझ्याशी भांडता येईल इतपत झाल्या आहेत.

जळगावची आई
कुकर लावून घाईत विचारते. मुलगी 22 वर्षांची आहे आणि तिचा पगार सुरू झाला आहे. बँकेत मात्र ‘पालकांबरोबर संयुक्त खाते काढा, नाहीतर पालकत्वाचा दाखला आणा’ असे सांगतात. हा दाखला कोठे मिळतो?

नागपूरकर
ताई, दाखल्याच्या मागे लागूच नका. ते पालकत्व 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली दिले जाते आणि तो कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. केवळ कर्णबधिरत्व त्यात बसत नाही. उलट 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम 13 नुसार मालमत्ता बाळगणे, स्वतःचे आर्थिक व्यवहार पाहणे आणि बँकेचे कर्ज घेणे, हे अधिकार तिला इतरांइतकेच आहेत. अर्ज लेखी द्यावा आणि नकार मिळाला तर तोही लेखी मागावा.

जळगावची आई
मनापासून आभार. हे तिला वाचायला दिले. कलमाची प्रत घेऊन ती सोमवारी स्वतः जाणार आहे. मी सोबत गेले तरी तोंड उघडायचे नाही, अशी तिची अट आहे.

ठाण्याचे बाबा
मग बँकेबाहेरच थांबा. ही अट आत बसून पाळता येत नाही.