सहा टक्के नफा दाखवून टॅक्स शून्य, पण बँक म्हणते लोन बसत नाही

लेथवाला_उद्यमनगर:
मंडळी नमस्कार, जरा लांबण लागंल पण वाचा. शिवाजी उद्यमनगरात आमचं दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीनचं छोटं वर्कशॉप आहे. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्र्यांचं कास्टिंग मशिनिंगला येतं, माल त्यांचा मजुरी आमची. वर्षाला बिलं होतात १९ लाखांच्या आसपास, त्यातले १६ बँकेतनं येतात, ३ रोख. कामगार, लाईट बिल, टूल, भाडं सगळं जाऊन साडेसहा लाख तरी हातात राहतात. रिटर्न भरणारे काका दरवर्षी ४४एडी (छोट्या धंद्याला खर्चाचा हिशोब न मांडता बिलांच्या ठरावीक टक्क्यावर नफा धरायचं कलम) लावून १६ वर ६ टक्के आणि ३ वर ८ टक्के धरतात, म्हणजे नफा १ लाख २० हजार, टॅक्स शून्य, मीबी खूश. आता १४ लाखांचं सेकंडहँड सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) बघितलंय. बँकेत फाईल दिली तर साहेबांनी तीन वर्षांची रिटर्नं चाळली आणि म्हणाले, महिन्याला १० हजार कमावणारा माणूस ३० हजारांचा हप्ता कुठनं भरणार? काय बोलायचं सुचंना.

तर खरा नफा दाखवला तर टॅक्स किती बसंल? बायको बिलं आणि वह्या बघते, तिला पगार दाखवून कमी करता येईल का? आणि गावाकडं ऊस आहे, खर्च जाऊन १ लाख ४० हजार सुटतात, त्यावर टॅक्स नाही म्हणून आजवर कुठं लिहिलेलंच नाही.

रंकाळ्यावरचा:
भावा आहे तसं चालू दे की. कायद्यानंच ६ टक्क्यांची मुभा दिलीय, जास्त दाखवून स्वतःच्या पायावर धोंडा कशाला. बँक बदल, पतसंस्थेत बघ.

हिशोबनीस_शाहूपुरी:
पतसंस्थेचा व्याजदर विचारलाय का कधी? असो. ६ टक्के ही मुभा म्हणून सगळे धरतात पण कलम नीट वाचा, ८ किंवा ६ टक्के, *किंवा त्याहून जास्त कमावलं असंल तर ती रक्कम*, असं आहे ते. म्हणजे ६ टक्के हा तळ आहे. साडेसहा लाख हातात आले आणि सव्वा लाख लिहिले, तर उद्या घरखर्च, मुलांची फी, एफडी हे कुठनं आलं म्हणून विचारलं की काकांना नाही तुम्हालाच उत्तर द्यायचंय.

आता गंमत बघा. २०२५-२६ साठी नव्या टॅक्स पद्धतीत ४ लाखांपर्यंत काही नाही, ४ ते ८ ला ५ टक्के. साडेसहा लाख दाखवले तर अडीच लाखावर ५ टक्के म्हणजे साडेबारा हजार, आणि १२ लाखांपर्यंत उत्पन्न असलं की ८७ए कलमाची टॅक्समध्ये ६० हजारांपर्यंतची सूट आहे, म्हणजे तेबी शून्य. सव्वा लाख दाखवा नाहीतर साडेसहा, टॅक्स तेवढाच. मग इतकी वर्षं कमी दाखवून मिळवलं काय तर बँकेतला तो डायलॉग. (शेअर विकून नफा झाला असंल तर मात्र त्याला ही सूट धरू नका, त्याचा दर वेगळा चालतो.)

ऊस लिहायचाच. टॅक्स नसला तरी ५ हजारांच्या वर शेतीचं उत्पन्न असलं की आयटीआर-४ (४४एडीवाल्यांचा सोपा रिटर्न फॉर्म) चालत नाही, आयटीआर-३ भरावा लागतो, काकांनी हे विचारलं कसं नाही? तुमच्या केसमध्ये शेतीचं उत्पन्न टॅक्सचा दर ठरवायला धरलं तरी आकडा साडेबारा हजारच येतो आणि तो सूटमध्ये जातोय, काळजी नको. पण गुऱ्हाळ घालून गूळ विकत असाल तर गोष्ट वेगळी, गुळाचा सगळा नफा शेतीचा धरत नाहीत.

आणि फौंड्रीवाल्यांनी १ टक्का टीडीएस (पेमेंट देतानाच कापून तुमच्या नावानं सरकारात भरायचा टॅक्स) कापलेला असणार. २६एएस (तुमच्या नावावर जमा टॅक्स दाखवणारा आयकर खात्याचा ऑनलाइन तक्ता) उघडून बघा, टॅक्स शून्य आला की तो सगळा परत मिळतोय.

राजारामपुरीची_ताई:
बायकोच्या पगाराचं मी सांगते, आमच्या दुकानात हाच उद्योग करून बसलो होतो. नवऱ्याच्या धंद्यातनं बायकोला पगार दिला तर तो नवऱ्याच्याच उत्पन्नात जोडतात, तिच्याकडं त्या कामाचं टेक्निकल किंवा प्रोफेशनल शिक्षण असंल आणि पगार त्याच जोरावर मिळत असंल तरच सुटतो. आणि ४४एडीत ठरावीक टक्क्याखाली जायला पगार, व्याज, घसारा काहीच वेगळं वजा होत नाही, सगळं त्यातच आलं. पगार जरूर द्या, वहिनी काम करतात तर त्यांच्या खात्यावर पैसे असलेच पाहिजेत, पण टॅक्ससाठी नको.

दुसरं, तुमचा आकडा १९ लाख म्हणालात तिथंच मला धस्स झालं. माल दुसऱ्याचा आणि मजुरी तुमची म्हणजे जीएसटीत ती सेवा, तिला मर्यादा २० लाख. ते ४० लाखांचं सगळे सांगतात ते माल विकणाऱ्यांचं. सीएनसी आला की दोन महिन्यात २० च्या वर जाशीला, नोंदणीची तयारी आत्ताच ठेवा.

मार्चात पॉलिसीवाला येईल टॅक्स वाचवा म्हणून, त्याला चहा पाजा आणि पाठवून द्या, नव्या पद्धतीत ८०सी, म्हणजे विम्याच्या हप्त्याची वगैरे वजावट, नाहीच.

रंकाळ्यावरचा:
१२ लाखांचं मला वाटलं फक्त पगारदारांना आहे. मीबी गेल्या साली सव्वादोनच दाखवलेत 😅

हिशोबनीस_शाहूपुरी:
पगारदारांना वर ७५ हजारांची वजावट मिळते म्हणून त्यांचं पावणेतेरा लाखांपर्यंत शून्य, तो फरक. १२ ची सूट धंदेवाल्यालाबी आहे. आणि १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू, कलमांचे नंबर बदललेत, त्यामुळं पुढल्या वर्षी कोणी ४४एडी नाहीच म्हणाला तर घाबरू नका.

लेथवाला_उद्यमनगर:
लई उपकार झाले. रात्री जेवण झाल्यावर मुलीकडनं २६एएस उघडून घेतलं. तीन पार्ट्यांचे मिळून ९ हजार ४०० जमा दिसतात, आणि एका पार्टीनं वर्षभर प्रत्येक बिलातनं १ टक्का कापलाय, माझ्याकडं पेमेंटचे कागद आहेत, पण तिथं त्याचा एक रुपया नाही. उद्या सकाळी कास्टिंग न्यायला त्यांचा टेम्पो येणार आहे, माल सोडायच्या आधी त्यांच्या अकाउंटवाल्याला फोन लावतो.