नरारा (जामनगर): ओहोटीला प्रवाळ पाहायला जाताना – अनुभव लिहा

सुकती
आज मैत्रिणीने ऑक्टोपसचा फोटो पाठवला आणि नरारा डोळ्यांपुढे आलं. कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान, 1982 सालचं, देशातलं पहिलं. बुडी न मारता, चालत प्रवाळ पाहता येतं अशी जागा आपल्याकडे विरळाच. जामनगरहून साधारण 60 किमी, वाडीनारजवळ.

आधी ओहोटी बघा, मग तिकीट काढा. उलटं केलं की नुसतं पाणी बघून परत यावं लागतं. पौर्णिमा किंवा अमावस्येनंतरचे तीन-चार दिवस धरा. ओहोटीची वेळ रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या नसतात, म्हणून भरती-ओहोटीच्या कोष्टकात वेळेबरोबर पाण्याची उंचीही वाचा. आकडा जितका लहान तितकं प्रवाळ जास्त उघडं. ओहोटीच्या दीड-दोन तास आधी चालायला लागा, पाणी फिरलं की लगेच परत. वनखात्याची परवानगी लागते, ओळखपत्र न्या, गाईड घ्याच.

तुम्हीही लिहा.

खाजणकाठ
कोकणातला हिशोब तिथे लावू नका!! तिथी गुणिले पाऊण = भरतीची वेळ, म्हणजे चतुर्थीला 3 वाजता भरती, 9 च्या सुमारास ओहोटी. हे मुंबई-कोकणात चालतं. आखातात पाणी आत शिरायला वेळ लागतो, भरती उशिरा येते. ओखा नाहीतर सिक्का, या तिथल्या बंदरांचं कोष्टक बघा.

मीनाक्षी_ठाणे
बूट जुने, लेसवाले, जाड तळाचे. चप्पल चिखलात रुतून राहते आणि प्रवाळाची धार तळवा फाडते. वाळूत पाय उचलून टाकू नका, घासत न्या, पाकट (शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा) असेल तर आधीच निघून जातो. सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्या आणि टोपी. कुकर झाला, बाकी नंतर लिहिते

खाजणकाठ
पाणी समोरून येतं असं वाटतं, पण आधी भरतात ते तुमच्या आणि किनाऱ्याच्या मधले खोलगट भाग. पायाखाली कोरडं असतानाच परतीची वाट बंद होते. गाईड "चला" म्हणाला की फोटो सोडून चला.

डबक्याकाठी
लोक भराभर चालतात आणि काही दिसलं नाही म्हणतात. एका डबक्यापाशी पाच मिनिटं उकिडवे बसा, सावली पाण्यावर पडू देऊ नका. भोकाच्या तोंडाशी खेकड्यांची कवचं आणि शिंपल्यांचे तुकडे साचलेले दिसले तर आत ऑक्टोपस असण्याची शक्यता मोठी. कॅमेऱ्याला पोलरायझर लावा, पाण्यावरची चकाकी जाते.
दगड उलटलात तर होता तसाच ठेवा. खालच्या बाजूचे जीव उन्हात मरतात.

सुकती
आणि पफर मासा हातात घेऊन फुगवून दाखवतात, ते कृपया थांबवा. पाण्याबाहेर तो हवा गिळतो, ती सगळी बाहेर टाकणं त्याला जड जातं. गाईडला निघतानाच सांगा, काही उचलायचं नाही. समुद्रकाकडी (हा प्राणी आहे) आणि प्रवाळ दोन्हींना कायद्याचं संरक्षण आहे, मेलेला तुकडाही खिशात टाकू नका.

पाणकावळा
पक्ष्यांचं कोणी बोललंच नाही. परतताना किनाऱ्यावर थांबा, चढतं पाणी पाणथळीच्या पक्ष्यांना आपल्याकडे ढकलत आणतं. क्रॅब प्लोव्हर तेव्हा नीट दिसतो. दुसरी सकाळ जामनगरजवळच्या खिजडिया पक्षी अभयारण्याला: बांधाच्या एका बाजूला गोडं पाणी, दुसरीकडे खारं, म्हणून पक्ष्यांत इतकी विविधता. थंडीत क्रौंच.

मालवणी_वारो
आमच्या मालवणाक पण येवा! पण सिंधुदुर्ग किल्ल्यापाशी बुडी मारायची तर तिथी उलटी धरा. उधाणाला (पौर्णिमा-अमावस्येची मोठी भरती) गाळ ढवळतो, भांगाला (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) पाणी नितळ. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. सर्दी असेल तर उतरू नका, कानाचा दाब सुटत नाही. खाली जाताना नाक धरून हळूच फुंकायचं, दुखायच्या आधी. माशांना पाव घालू नका, कोणी दिला तरी. बुडीनंतर 18 तास विमान नको.

मीनाक्षी_ठाणे
@मालवणी_वारो नराऱ्याला उधाण, मालवणला भांग. एकाच महिन्यात दोन्ही बसतं की! मुंबईहून जामनगरला सौराष्ट्र मेल थेट आहे.

पाणकावळा
येताना सुकी कचोरी आणा, आठवडाभर टिकते.

डबक्याकाठी
याच उद्यानातल्या पिरोटन बेटाचं कोणी लिहील का? परवानगी वेगळी लागते आणि बोट भरतीलाच जाते, म्हणजे परत यायला पुढच्या भरतीची वाट बघायची. पाणी आणि जेवण भरपूर न्यावं लागतं, एवढं माहीत आहे.