इंजिनकाम निघालेल्या जुन्या जेट स्की उजनीसाठी घ्याव्यात का?

करमाळा_काठ
प्रस्ताव असा आहे. कोकणातल्या बोटिंगमधून निघालेल्या दोन जेट स्की, ट्रेलरसकट ३ लाख ४० हजार. पहिली यामाहा व्हीएक्स, ४ सिलिंडर, १०५२ सीसी. "पाणी गेलं होतं, तेल बदललं की चालू," असं विकणारा म्हणतो. दुसरी सी-डू जीटीआय १५५, ३ सिलिंडर, सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) नाही. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) कमी. चालवायच्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर, करमाळ्याच्या अंगाला. माझा कल घेण्याकडे आहे. बोअरिंग, होनिंग, व्हॉल्व्ह सीट ही कामं सोलापुरात होतात, मग पुण्या-मुंबईचे दर कशाला द्यायचे? विरोधात बोला, पण कारणासकट.

गाळमोजणी
घेऊ नका. त्यातही यामाहाला हात लावू नका. तिचं कूलिंग उघडं, म्हणजे ज्या पाण्यावर चालते तेच पाणी ब्लॉक आणि हेडमधून फिरतं. इतकी वर्षं खारं पाणी फिरलंय, आतल्या वाटांमध्ये मिठाचा थर आणि गंज धरलेला असणार. त्यात आता उजनीचा गाळ जाईल. वाट अरुंद झाली की एकच सिलिंडर तापतो आणि हेड गॅस्केट तिथेच फुटतं.

"तेल बदललं की चालू" हे वाक्य तर सोडूनच द्या. तेल दुधाळ होतं का, हा प्रश्नच नाही. पाणी आत किती दिवस राहिलं ते विचारा. त्याच दिवशी प्लग काढून इंजिन फिरवलं, तेल तीन-चारदा बदललं, तर वाचतं. आठवडाभर तसंच ठेवलं असेल तर बेअरिंगवर गंजाचे डाग पडतात, आणि ते वरून दिसत नाहीत. प्लग न काढता कुणी स्टार्टर मारला असेल तर कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे सगळा मार रॉडवर येतो.

पाना_तेरा
यामाहाबद्दल वाद नाही, ती भंगाराच्या भावातच धरा. सी-डूला मात्र त्याच मापाने मोजू नका. तिच्या इंजिनात कूलंट बंद चक्रात फिरतो आणि खालच्या राइड प्लेटमधून थंड होतो. बाहेरचं पाणी फक्त एक्झॉस्टला लागतं. म्हणजे कोकणातलं मीठ ब्लॉकमध्ये गेलेलंच नाही. सुपरचार्जर नाही हेही बरंच. जुन्या सुपरचार्जरवाल्या मॉडेलांत क्लचच्या सिरॅमिक वॉशरचा चुरा तेलात जाऊन अख्खं इंजिन बसायचं.

"कॉम्प्रेशन कमी" म्हणजे नेमकं काय, हे अर्ध्या तासात कळतं. बॅटरी पूर्ण चार्ज करा, तिन्ही प्लग काढा, थ्रॉटल पूर्ण दाबून धरा (तसं धरलं की इंजेक्टर बंद राहतात) आणि गेज लावा. आकडा किती यापेक्षा तिघांतला फरक बघा. १० टक्क्यांच्या आत असेल तर चिंता नाही. एक बराच खाली असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून परत मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. तिथेच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

मग तो पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेऱ्यात वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून ५-६ बार हवा सोडा. इंपेलर (जेट पंपातला पाणी मागे फेकणारा पंखा) लाकडी ठोकळ्याने अडवा, बोटाने नव्हे; हवा सोडली की शाफ्ट फिरतो. आता कान लावा. थ्रॉटल बॉडीतून सुस्कारा आला तर इनटेक व्हॉल्व्ह, एक्झॉस्टमधून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेल भरायच्या तोंडातून आला तर रिंगा. कूलंटच्या टाकीत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट. व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट निघालं तर घ्या. सीट कापणं, लॅपिंग, हेड प्लेन करणं हे अक्कलकोट रोडच्या कोणत्याही चांगल्या मशिन शॉपचं काम. रिंगा निघाल्या तर गप घरी या.

गाळमोजणी
काम सोलापुरात होईल की ओ, पण माल कुठून येणार? गॅस्केट सेट, नवे हेड बोल्ट, कार्बन सील (शाफ्टच्या कडेने पाणी आत येऊ न देणारं), वेअर रिंग (इंपेलरभोवतीचं कडं), सगळं आयात. एका सीलसाठी स्की महिनाभर ट्रेलरवर उभी, आणि तो महिना नेमका एप्रिल निघाला तर?

एप्रिलचंच बघू. उजनीत एकूण ११७ टीएमसी, त्यातलं ६३ च्या वर मृतसाठा. सुट्ट्या लागतात तेव्हाच धरण मायनसमध्ये जातं. पाणी काठापासून लांब सरकतं, मधे चिखल. पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं तेव्हा कुठे कुठे काय बुडालेलं असतं ते कळतं: झाडांचे बुंधे, जुन्या भिंती. जेट पंप खालचंच पाणी ओढतो. तीन फुटांपेक्षा कमी पाण्यात थ्रॉटल दिला की वाळू-दगड आत. सी-डूची वेअर रिंग प्लॅस्टिकची, ती खरवडली की इंजिन नुसतं बोंबलतं आणि स्की जागची हलत नाही. लोक म्हणतात इंजिन गेलं. जातं ते नुसतं पेट्रोल.

जाळ्यांचं तर बोललोच नाही. चिलापीसाठी लावलेलं नायलॉनचं जाळं शाफ्टला गुंडाळलं तर वितळून घट्ट बसतं, सीलसकट कापावं लागतं.

करमाळा_काठ
मायनसचा मुद्दा मान्य. हंगाम ऑगस्ट ते जानेवारी धरला तर? त्या दिवसांत पाणी काठाला असतं.

पाना_तेरा
तेच बरोबर. वेअर रिंग हा खर्चाचा भाग म्हणूनच धरायचा, रिक्षाच्या ब्रेक लायनरसारखा. बघायला जाल तेव्हा इंपेलरची कड आणि रिंग यांच्यात फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. अर्धा मिलिमीटर फट दिसली तर रिंग गेली समजा आणि तेवढे पैसे कमी करा. पात्याची कड मुडपली असेल तर इंपेलरही.

किल्ली विसरू नका. सी-डूची किल्ली कोडेड असते. मूळ किल्ली नसेल तर नवी जोडायला कंपनीचं सॉफ्टवेअर असलेला माणूस लागतो, आणि तो सोलापुरात बसलेला नाही. त्याच सॉफ्टवेअरवर इंजिन किती तास चाललं तेही दिसतं. विकणारा स्कॅन करू देत नसेल तर तेच उत्तर समजा.

बंधारा
दोघंही इंजिनात बुडालात. मालकाने दोन गोष्टी आधी बघाव्यात.

पहिली कागद. अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ प्रमाणे इंजिनावर चालणाऱ्या नौकेला तपासणी, नोंदणी आणि विमा लागतो. मागे हलवर, म्हणजे स्कीच्या बाहेरच्या अंगावर, १२ अक्षरी नंबर कोरलेला असतो. तो आयातीच्या कागदाशी जुळला पाहिजे. भाड्याने फिरवणार असाल तर जलसंपदाची परवानगी वेगळी. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशीच्या मधे बोट उलटून सहा जण गेले, तेव्हापासून उजनीवर बिनकागदाच्या इंजिनाकडे कुणी काणाडोळा करेल असं धरू नका.

दुसरी पेट्रोल. या इंजिनांची पुस्तकं १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं म्हणतात, पंपावर मिळतं २० टक्केवालं. स्कीची टाकी पाण्याजवळ श्वास घेते. इथेनॉल ओल शोषतं, टाकीच्या तळाशी पाण्यासकट वेगळं बसतं, आणि पंप तिथूनच उचलतो. टाकी भरून ठेवायची नाही, हंगाम संपला की रिकामी करायची. जुने होज तर बदलाच.

करमाळा_काठ
मग असं करतो. फक्त सी-डू आणि ट्रेलर मागतो, यामाहा त्याच्याकडेच राहू दे. जाताना कॉम्प्रेशन गेज, फीलर गेज आणि छोटा कॉम्प्रेसर घेऊन जातो. हवा थ्रॉटल किंवा एक्झॉस्टमधून निघाली आणि मूळ किल्ली हातात आली तर १ लाख ६० हजार. रिंगा निघाल्या तर परत. कागद जुळेपर्यंत टोकनसुद्धा नाही.

गाळमोजणी
१ लाख ४० च्या वर जाऊ नका. कार्बन सील आणि वेअर रिंग बदलावी लागणार हे नक्की. आणि तिथे चालू करून दाखवतील तेव्हा पाण्याच्या पाइपवर लक्ष ठेवा. आधी इंजिन, मग पाणी; बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. उलटं केलं तर पाणी एक्झॉस्टमधून मागे सिलिंडरमध्ये जातं. जमिनीवर दोन मिनिटांच्या वर चालवू देऊ नका, कार्बन सीलला तिथे पाणी मिळत नाही. विकणाऱ्याने आधी नळ सोडला तर तिथेच त्याचा हात धरा.