लोणच्याची बरणी: कशी राखता, कधी टाकता?

पावसाळा लागला, बरण्यांना दादरे बांधून झाले असतील. ज्यांच्याकडे वर्षाचं लोणचं भरतात त्यांनी लिहा: बरणी कशी राखता आणि लोणचं बिघडलं हे कशावरून ओळखता? पाककृती नकोत, त्या ढिगाने मिळतात.

देवरूख : कोकणातल्या हवेत सगळा खेळ तेलाचा. फोडणी पार गार झाल्यावरच घालायची. कोमट असताना झाकण लावलं की वाफेचं पाणी होऊन आत ठिबकतं, आणि पुढचं सांगायला नको. फोडी आठवडाभर तेल पितात, पातळी उतरते. तेव्हा पुन्हा तेल तापवून, गार करून ओतायचं. फोडी बुडून वर बोटभर तेल हवंच. बुरा धरते ती तेलाबाहेर डोकं काढलेली फोड. मोठी बरणी रोज उघडत नाही, लागेल तसं सटात काढून घेतो. भरण्याआधी बरणीला हिंगाची धुरी देतो. एखाद्या फोडीवर बुरा दिसलाच तर वरचा थर काढून मीठ-तेल घालतो. सासूबाई तेच करत.

सोलापूर : आमच्याकडे हवा कोरडी, त्यामुळे कैरीचा त्रास नाही. लिंबाचं गोड लोणचं मात्र डोळ्यात तेल घालून बघावं लागतं. काळं पडलं म्हणजे मुरलं, ते बिघडलेलं नव्हे. साखरेचे खडे झाले तर बरणी उन्हात ठेवा, बहुतेक विरघळतात. पण बुडबुडे येऊन फसफसलं, दारूसारखा वास सुटला, तर आम्ही चव बघायच्या भानगडीत पडत नाही.

फोंडा, गोवा : मिठाच्या पाण्यातल्या तोरांवर, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांवर, पांढरी, सपाट साय येते. ती काढून टाकतो आणि तोरं खाऱ्या पाण्याखाली राहतील असं वजन ठेवतो. केसाळ, हिरवं-काळं काही दिसलं किंवा तोर बोटाने दाबताच पिचलं, तर मोह नाही.

पुणे : अन्नप्रक्रियेत नोकरी केली, म्हणून देवरूखच्या ताईंशी जरा भांडते. केसाळ बुरशीचे तंतू दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. शिवाय काही बुरशी आंबटपणाच खाऊन टाकतात. लोणचं टिकतं ते मीठ आणि आम्लावर, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा चढला की आंबटपणा उतरतो) ४.६ च्या वर गेला की बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंना वाव मिळतो, आणि वर तेल असल्याने आत हवा नसते, तेही त्यांना सोयीचंच. त्यामुळे केसाळ बुरशी आली की अख्खी बरणी टाकावी, जीव तुटला तरी. रक्तदाबामुळे मीठ कमी घालणाऱ्यांनी थोडंच करावं आणि फ्रिजमध्ये ठेवावं. ते वर्षाचं लोणचं नाही.

देवरूख : पटतंय. पाच किलो कैरीची बरणी टाकायची म्हणजे घरात सुतक, तेवढं सोडलं तर!

टोरांटो : इथे फ्रिजमध्ये शेंगदाणा तेलातल्या लोणच्यावर पांढरट गोळे दिसले की नवी मंडळी घाबरतात. वाटीभर बाहेर काढून ठेवा. वितळून तेल नितळ झालं तर ते गोठलेलं तेलच होतं.

मुंबई : लिंबाच्या रसातला लसूण हिरवा-निळा झालाय. टाकू का?

पुणे : रंगासाठी टाकू नका. लसणातली गंधकाची संयुगं आम्लात अशी रंगतात. नुसत्या तेलात बुडवलेला कच्चा लसूण मात्र बाहेर ठेवू नका, त्यात आम्ल नाही.

मालवण : कोलंबीचं लोणचं कैरीच्या रांगेत बसवू नका. व्हिनेगर घातलं तरी फ्रिजमध्येच ठेवा, आणि वासावर विसंबू नका. मसाल्याखाली बिघाड लपतो. आम्ही छोट्या बाटल्या भरतो आणि बाटलीवर तारीख लिहितो. एक बाटली संपल्याशिवाय दुसरी उघडायची नाही, पाहुणे आले तरी.